काळं दाखव

बितोममध्ये नोव्हेंबरात चारलाच अंधारतं,
आणि आमच्या दुकानात भिंतीवरचे एकोणतीस टीव्ही
एकाच वेळी एकच पोपट दाखवत असतात.
हिरवा इतका हिरवा, की खरा पोपट लाजून पानाआड जाईल.
मग संत्र्याची फोड, मग लाव्हा, मग पुन्हा पोपट.
सहा वर्षं मी हेच विकतेय.

तो आला तेव्हा टोपी हातात,
कोटाच्या आतल्या खिशात लिफाफा,
लिफाफ्यावर पेन्सिलीनं: दोन हजार दोनशे झ्लोटी.
"पोपट नको," म्हणाला. "काळं दाखव."

म्हटलं, चौकटी काळ्याच असतात सगळ्या.
"चौकट नव्हे गं. आतलं."

एर्विन गाव्लिक. सत्तावीस वर्षं कोळशाच्या खाणीत.
बोटांच्या पेरांवर अजून निळे ठिपके,
कातडीखाली राहून गेलेली भुकटी.

मी एक रात्रीचा प्रसंग शोधून लावला:
शेत, घोडा, लांबवर एक कंदील.
डॉक्टर घसा बघतात तसा तो
एकेका पडद्यात वाकून बघत गेला.
"ही राख आहे.
ह्यात निळं मिसळलंय, दुधात पाणी घालावं तसं.
हा कोपऱ्यातून गळतोय, बघ, इथं.
ह्यात घोडा कुठं गेला?"

शेवटच्या, सगळ्यात महागड्या पडद्यासमोर
तो बराच वेळ बोललाच नाही.
"हं. दिवा गेला की खाली असंच.
डोळे उघडे आहेत की मिटलेले,
ते बोटानं चाचपून बघायचं."
मग किंमत वाचली. पाच हजार तीनशे.
टोपी घातली. पुन्हा काढली.

आमचा मॅनेजर तेव्हा बाहेर सिगारेट ओढत होता.
मी त्या रांगेवरचे दिवे मालवले,
आणि गुडघ्यांशिवाय कुणी बघत नाही त्या फळीवरचा,
मागच्या वर्षीचा एक टीव्ही वर काढला.
"त्याच पैशात इंच घ्या नाहीतर अंधार घ्या.
हा लहान आहे, पण काळा बरा आहे.
मात्र समोरूनच. बाजूनं बघाल तर धुतल्यासारखा."

तो डावीकडे गेला, उजवीकडे गेला,
खेकड्यासारखा, टोपी छातीशी धरून.
"गेर्दा बाजूला बसते," म्हणाला.
"खिडकीपाशी. त्र्याऐंशी सालापासून."

मग हा घ्या, बाजूनंही सारखाच दिसतो.
"पण ती राख आहे."
हो, म्हटलं. ती राख आहे.

त्यानं घरी फोन लावला, इतका मोठ्यानं
की धुलाईयंत्रांकडची गिऱ्हाइकंही वळली.
पलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.
"बावीसशे देऊन अंधार आणतोयस?
तुझ्या कानांमागचा मी जन्मभर फुकट धूत आले!"
"गेर्दा, खुर्ची सरकवशील का?"
"कुठं?"
"माझ्याकडे."
बराच वेळ नुसती खरखर.
"किती?"
त्यानं माझ्याकडे बघितलं.
मी हवेतच मोजून दाखवलं.
"दीड हात," तो म्हणाला.
"आणि समोरच्या बाल्कनीत काय चाललंय ते कोण बघणार?"
फोन कट.
"हो म्हणाली," त्यानं मला सांगितलं.

लिफाफ्यातनं नोटा मोजल्या, वर चिल्लर.
साठ झ्लोटी उरले, ते वेगळ्या खिशात गेले.
घरी गेल्यावर काय करायचं, ते लिहून दे, म्हणाला.
पावतीच्या पाठीवर मी लिहिलं:
'भडक' वरून 'सिनेमा' वर न्या.
तीक्ष्णता शून्य.
खोलीतला दिवा मंद, टीव्हीच्या मागे ठेवा,
म्हणजे काळं खोल वाटतं.

त्यानं चष्मा वर करून वाचलं.
"हे शेवटचं," म्हणाला,
"मला नको शिकवूस, पोरी,"
आणि खोकं उचलायला वाकला,
पाठ सरळ ठेवून, गुडघ्यांतून,
वजन उचलायची सवय असलेल्या माणसासारखा.
दाराशी थांबून मात्र विचारलं,
"दीड हात म्हणजे तुझा की माझा?"